मी मानपत्र लिहिणार नव्हते

आपल्या कराटेच्या सरांना सहावा डॅन, म्हणजे ब्लॅक बेल्टमधली सहावी श्रेणी, मिळाला, त्यांचा सत्कार करायचा आहे, मानपत्र तुम्हीच लिहा, असं सांगायला समितीची मुलं माझ्याकडे आली तेव्हा मी नाही म्हणाले. नुसतं नाही म्हणून थांबले असते तर हे लिहायची वेळ आली नसती. पण त्यांनी मला बैठकीला बोलावलं आणि तिथे, एका माजी विद्यार्थ्याच्या औषधाच्या दुकानामागच्या खोलीत, चौदा जणांसमोर मी वीसेक मिनिटं बोलले. मराठी शिकवते, बोलण्याची सवय आहे. सरांसारख्या माणसाला श्रेणी लावणं म्हणजे त्यांना तराजूत घालणं आहे, असं म्हणाले. आपल्या आखाड्यांतल्या वस्तादांना कुणी कधी नंबर दिले नाहीत, तरी अख्खं गाव त्यांच्या पाया पडत होतं, असं म्हणाले. अडतीस वर्षं सर पहाटे मैदानावर उभे आहेत, तेव्हा कुठे होती ही समिती, असंही विचारलं.

एक तरुण मुलगा हळूच म्हणाला, "मॅडम, खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीला कांस्यपदक आणलं आणि अर्जुन पुरस्कार त्यांना गेल्यावर मिळाला. सर आपल्यासमोर आहेत, तवरच करू ना." मी त्याला सुनावलं की ते ऑलिम्पिक होतं, हा कमरेचा पट्टा आहे. तो खाली मान घालून बसला.

त्या मुलाची मी नंतर घरी जाऊन माफी मागितली. पण बैठकीत जे चौदा जणांनी ऐकलं ते चौदा जणांपुढेच मागे घ्यायला हवं, म्हणून हे मनोगत.

सरांचं नाव इथे लिहीत नाही. त्यांना ते आवडणार नाही, आणि खामगावात ज्यांना ओळखायचं ते दोन ओळींत ओळखतील. सर एका जिनिंग-प्रेसिंगमध्ये कारकून होते. आमचं गाव कापसाचं. इथला कापूस नेता यावा म्हणून इंग्रजांनी जलंबपासून गावापर्यंत खास रेल्वेचा फाटा आणला आणि १८७० साली त्याच्या उद्घाटनाला खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. त्या काळातला थाट आता राहिला नाही, पण दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला की अजूनही रस्त्याच्या कडेच्या बाभळींना गाड्यांमधून उडालेला कापूस अडकलेला दिसतो. हंगामात सरांना रात्रपाळी असायची. रात्रभर गठाणींचा हिशेब लिहून ते सकाळी साडेपाचला सरळ नगरपरिषदेच्या शाळेच्या मैदानावर यायचे. केसांत, भुवयांत रुईचे तंतू असायचे. आम्ही लहान पोरं समजायचो की सरांचे केस लवकर पिकले. कराटेचा पांढरा गणवेश ते शाळेच्या व्हरांड्यात, खांबाआड उभे राहून चढवायचे.

मी १९९१ साली गेले तेव्हा अकरा वर्षांची होते. फी महिन्याला वीस रुपये होती आणि ती कोण देतं, कोण देत नाही हे आम्हाला कधी कळलं नाही. मुली आम्ही चार. पहिला महिनाभर सरांनी आम्हाला हात उचलू दिला नाही, फक्त उभं राहायला शिकवलं. क्रीडादिनाला मैदान आखायची फक्की असते ना, तिच्या दोन समांतर रेघा सर मातीवर ओढायचे आणि त्या रेघांच्या बाहेरच्या अंगाला पाय ठेवून, पुढचा गुडघा वाकवून, मागचा पाय ताठ ठेवून, पुढे-मागे चालायला लावायचे. तास संपला की सर खाली बसून रेघा बघायचे. जिची रेघ पुसली गेली तिने दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच करायचं. ओरडणं नाही, छडी नाही. "तुही रेघ पाय," एवढंच म्हणायचे. आज माझ्या वर्गात एखादा मुलगा शुद्धलेखनात तीच चूक चौथ्यांदा करतो तेव्हा माझ्या तोंडून आवाज न चढवता "तुझी ओळ बघ" असं येतं. ते माझं नाही, सरांचं आहे.

गणेशविसर्जनाला खामगावात मानाचा लाकडी गणपती पुढे असतो आणि मागे आखाडे चालतात. दांडपट्टा, लाठी, बनेटी, सगळं. आमचा क्लासही त्यात असायचा. दुसरे क्लासवाले डोक्यावर कवेलू फोडायचे, त्याला टाळ्या पडायच्या. सर आम्हाला कधीही काही फोडू द्यायचे नाहीत. आम्ही रस्त्यावर नुसता काता, म्हणजे ठरलेल्या हालचालींचा क्रम, करायचो, आणि लोक कंटाळून पुढच्या आखाड्याकडे जायचे. मिरवणूक थांबली की सर आम्हाला ओळीने एका म्हाताऱ्या वस्तादांपुढे न्यायचे आणि पाया पडायला लावायचे. जपानी विद्येच्या मुलींनी लाल मातीतल्या वस्तादाच्या पाया पडायचं, हे सरांना अगदी स्वाभाविक वाटायचं. बैठकीत मी ज्या वस्तादांचा दाखला दिला ते मला सरांनीच दाखवले होते.

आता ज्या गोष्टीमुळे मी एवढी तावातावाने बोलले ती सांगते. ती त्या बैठकीत मी सांगितली नाही, आणि खरं म्हणजे तोपर्यंत स्वतःलाही नीट सांगितली नव्हती.

१९९६ साली मी ब्राऊन बेल्ट होते. दहावी झाली होती. पुढची परीक्षा ब्लॅक बेल्टची आणि ती पुण्यात. शेगावहून महाराष्ट्र एक्स्प्रेस पकडायची, रात्रभर प्रवास, तीन दिवस तिथे मुक्काम, परीक्षेची फी वेगळी. आमच्या बॅचमधून सरांनी तिघांची नावं काढली होती. दोन मुलं आणि मी. सर आमच्या घरी आले. बाबांनी त्यांना खुर्ची दिली, चहा दिला आणि म्हणाले, "सर, तुमच्यावर माझा पूर्ण भरवसा आहे. पण सोळा वर्षांची पोरगी तीन दिवस पुण्यात, नाही जमणार." आठवड्याने सर पुन्हा आले आणि या वेळी त्यांच्या पत्नीला, काकूंना, सोबत घेऊन आले. काकू म्हणाल्या, मी जाते ना पोरीसंगं, माह्याजवळच झोपीन ती. बाबांनी पुन्हा चहा दिला. पुन्हा नाही म्हणाले. मी आतल्या खोलीत गव्हाच्या कोठीला टेकून उभी होते. बाबांना मी दोष देत नाही. खर्च त्यांच्या महिन्याच्या पगाराच्या निम्म्याला भिडत होता, घरात आणखी तीन भावंडं होती, आणि १९९६ सालच्या आमच्या गल्लीत दुसरा कुठलाही बाप तेच म्हणाला असता.

दोन्ही मुलं पुण्याला गेली आणि काळे पट्टे बांधून परत आली. त्या सोमवारी मैदानावर रांगेत त्यांची जागा माझ्या पुढे गेली. तोवर पहिली जागा माझी होती.

मी लगेच क्लास सोडला नाही. पाचेक महिने जात राहिले. मग बारावीचं निमित्त सांगून थांबले. आणि कधीतरी, कुणी विचारलं असता, पहिल्यांदा म्हणाले, "मला पट्ट्याचं काही नाही, विद्या अंगात असते." हे वाक्य छान वाटलं. ऐकणाऱ्यांनाही छान वाटायचं. मी ते कॉलेजात म्हणाले, बी.एड.ला म्हणाले, नवऱ्याला सांगितलं, माझ्या मुलांना सांगितलं. अठ्ठावीस वर्षं म्हणत गेल्यावर ते माझं तत्त्वच झालं. त्याच्या तळाशी गव्हाच्या कोठीला टेकून उभी असलेली मुलगी आहे, हे मला दिसेनासं झालं.

तत्त्वाला आधार म्हणून मी पुष्कळ वाचलंही. त्या वाचनाचा मला अभिमान होता. लहानपणी सरांनी एक गोष्ट सांगितली होती: पूर्वी पट्टा एकच असायचा, पांढरा, आणि वर्षानुवर्षं घामाने-मातीने मळून तो काळा व्हायचा. वाचल्यावर कळलं की तसं काही नव्हतं. श्रेण्यांची ही पद्धत ज्यूडोच्या जिगोरो कानोने आणली. त्याने १८८२ साली कोडोकान ही शाळा काढली आणि दुसऱ्याच वर्षी तोमिता आणि साइगो या दोन विद्यार्थ्यांना पहिली श्रेणी दिली. त्याचा मूळ उच्चार 'दान' असा आहे, अर्थ पायरी. आपण इंग्रजी वळणाने डॅन म्हणतो. 'गो' नावाच्या जपानी पटावरच्या खेळात ही पद्धत आधीपासून होती, तिथून त्याने ती उचलली. ओकिनावाहून गिचिन फुनाकोशी कराटे घेऊन टोकियोला आला १९२२ साली, आणि त्याने आपल्या शिष्यांना पहिल्यांदा डॅन दिले १९२४ साली. रंगीत पट्टे तर आणखी नंतरचे. पॅरिसमध्ये ज्यूडो शिकवणाऱ्या कावाइशी यांनी १९३० च्या दशकात ते रूढ केले. म्हणजे ज्याला आपण प्राचीन परंपरा समजतो ती माझ्या पणजोबांच्या वयाची. हे सगळं मी बैठकीत ऐकवलं होतं.

त्यात एक वाक्य मी वाचलं होतं आणि सोडून दिलं होतं. कानो हा मुळात शिक्षक होता. शिक्षक घडवणाऱ्या टोकियोच्या सरकारी विद्यालयाचा तो कित्येक वर्षं प्रमुख होता. जुन्या युद्धविद्येच्या घराण्यांत दाखले दोन-तीनच असायचे आणि एकापासून दुसऱ्यापर्यंत आयुष्याचा मोठा तुकडा जायचा. शिकणाऱ्याला पुढची पायरी दिसेल इतकी जवळ असावी, म्हणून कानोने पायऱ्या वाढवल्या. मी स्वतः वीसहून अधिक वर्षं शिक्षिका आहे. घटक चाचणी, सहामाही, वहीवरचा लाल पेनाचा शेरा, यांच्याशिवाय मी एक महिना शिकवू शकत नाही. तरीही कानोचं ते एक कारण माझ्या डोळ्यांखालून गेलं आणि मनात उतरलं नाही.

आखाड्यांबद्दल जे बोलले तेही अर्धंच खरं होतं. आमच्या विदर्भातच, अमरावतीला, वैद्य बंधूंनी १९१४ साली हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू केलं. १९३६ साली बर्लिन ऑलिम्पिकच्या वेळी मल्लखांब आणि कबड्डीची प्रात्यक्षिकं करून आलेली मंडळी तिथलीच. त्या मंडळाचे वर्ग व्हायचे, परीक्षा व्हायच्या, प्रमाणपत्रं मिळायची, आणि ती घेऊन लोक आपापल्या गावी आखाडे काढायचे. माझ्या आजोबांचं असंच एक प्रमाणपत्र आमच्या जुन्या घरात, देवघराच्या बाजूच्या भिंतीवर काचेत लावलेलं आहे. दर दिवाळीला मीच ते पुसते. आजोबांनी त्या कागदाच्या बळावर जळगाव जामोदकडच्या एका खेड्यात पोरांना गोळा केलं होतं, हे मी अभिमानाने लोकांना सांगत आले. सरांच्या कागदाला मात्र जपानहून आलेला कागद म्हणाले.

एक गोष्ट मी अजूनही मागे घेत नाही. सात वर्षांच्या मुलांना काळा पट्टा बांधून पैसे घेणारे आहेत. स्वतःच स्वतःला दहावा डॅन देऊन चौकात फ्लेक्स लावणारे आहेत. त्यांचा राग मला तेव्हाही होता, आताही आहे. पण तो राग मी सरांच्या खात्यावर मांडला, हे चुकलं.

बैठकीनंतर दोन आठवड्यांनी, डिसेंबरमधल्या एका शनिवारी, माझ्या नववीच्या वर्गातली एक मुलगी मधल्या सुट्टीत टेबलाजवळ आली. "मॅडम, उद्या माझी ब्लॅक बेल्टची परीक्षा आहे. तुम्ही या ना." मी विचारलं, कुठे? मला वाटलं नागपूर, पुणे असं काहीतरी सांगेल. ती म्हणाली, "इथंच. शाळेच्या हॉलमधे."

मी गेले. सकाळी आठला सुरू झालं. अकरा परीक्षार्थी, त्यांत सात मुली. समोर टेबलाशी दोन परीक्षक, एक बाहेरगावहून आलेले आणि दुसरे सर. भिंतीला टेकून सतरंजीवर आईबाप बसले होते. हे दृश्य मी आधी कधी पाहिलं नव्हतं. आमच्या वेळी परीक्षा म्हणजे कुठेतरी दूर होणारी गोष्ट होती, निकाल रेल्वेने यायचा. इथे एक आई मांडीवर धाकटं बाळ घेऊन बसली होती. एक आजोबा नातवाची पाण्याची बाटली दोन्ही हातांत धरून होते. माझ्या विद्यार्थिनीचे वडील बाजार समितीत हमाल आहेत. ते खांद्यावर दुपट्टा टाकून दाराजवळ उभे होते, बसायला तयार नव्हते.

साडेअकराच्या सुमाराला कुमिते, म्हणजे समोरासमोरची लढत, सुरू झाली. या मुलीचा ओठ फुटला. वडील दारातून दोन पावलं आत आले आणि मला म्हणाले, "मॅडम, सर थांबवत काऊन नाई?" मी काय सांगणार? सरांनी तिच्याकडे बघितलं, तिने मान हलवली, फेरी पुढे चालली. ती फेरी तिने चांगली काढली. पण कात्यात ती दोनदा अडखळली. एका वळणावर तिचा मागचा पाय उचलला गेला आणि तिला स्वतःलाच ते कळलं, कारण पुढच्या हालचालीआधी ती क्षणभर खाली पाहत राहिली.

एक वाजता निकाल वाचला. आठ पास, तीन नापास. ती नापास. सहा महिन्यांनी पुन्हा.

मी तिच्याकडे जायच्या आधी तिचे वडील पोचले. रडत होती. त्यांनी दुपट्ट्याने तिचं तोंड पुसलं, ओठाला लागू न देता, आणि म्हणाले, "सहा महिने तं सहा महिने. इथंच तं हाय."

मी हॉलच्या दारातच थांबले. इथंच तं हाय. माझे बाबा दुष्ट नव्हते आणि हा माणूस माझ्या बाबांपेक्षा शिकलेला किंवा पैसेवाला नाही. याला तिकीट काढायचं नव्हतं, तीन दिवसांची हमाली बुडवायची नव्हती, गल्लीला उत्तर द्यायचं नव्हतं. परीक्षा त्याच्या सायकलीच्या अंतरावर होती, म्हणून त्याची मुलगी परीक्षेला बसू शकली, आणि म्हणूनच ती निवांत नापासही होऊ शकली. मी पुण्याला जाऊन नापास झाले असते तर दुसऱ्यांदा मला कुणी पाठवलं असतं?

सतरंज्या गुंडाळणाऱ्या एका जुन्या विद्यार्थ्याला मी विचारलं, ही परीक्षा इथे कधीपासून होते? तो माझ्याकडे बघत राहिला. बैठकीत तो होता. "आजच पैल्यांदा झाली, ताई. आपल्या संघटनेत ब्लॅक बेल्टची परीक्षा घ्यायची तर केंद्रावरचा शिक्षक सहाव्या डॅनचा लागतो. आतापावतो सरांना फक्त ब्राऊनपर्यंतचीच परवानगी होती." हे त्याने कुठलीही खोच न ठेवता सांगितलं. बैठकीतही तो हेच सांगायला उभा राहिला होता, मला आठवलं. मी त्याला मधेच तोडलं होतं.

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या बुलढाण्याच्या प्रथमेश जावकरने शांघायच्या विश्वचषक स्पर्धेत जगातल्या अव्वल धनुर्धराला, नेदरलँड्सच्या माइक श्लोसरला, १४९–१४८ असं एका गुणाने हरवून सुवर्ण घेतलं तेव्हा मी शाळेच्या परिपाठाला त्यावर बोलले होते. आपल्या जिल्ह्यातूनही जगज्जेते घडतात, असं. टाळ्या झाल्या. परीक्षेच्या दिवशी हॉलच्या दारात उभी असताना मला वाटलं, घडतात म्हणजे कसे घडतात, याचा मी कधी विचार केला होता का? एखाद्या गावात शिकवायला कोण आहे, त्याला काय काय द्यायचा अधिकार आहे, आणि पुढची पायरी गावात आहे की चारशे किलोमीटरवर, या कंटाळवाण्या वाटणाऱ्या गोष्टींवर किती मुलींचं काय काय ठरून जातं, हे मला माझ्याच गोष्टीवरून कळायला हवं होतं.

संध्याकाळी मी सरांकडे गेले. काकूंनी दार उघडलं. सर ओसरीवर गुडघ्याला गरम पाण्याची पिशवी लावून बसले होते. मी मानपत्राला नाही म्हटल्याचं त्यांना समजलेलं होतं. त्याबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. मी विचारलं, सर, हा डॅन तुम्ही आधीच का नाही घेतला?

सरांना पाचवा डॅन २००९ साली मिळाला. या वरच्या पायऱ्यांत थांबण्याची वर्षं वाढत जातात. शेजारच्या तायक्वांदोत सेऊलच्या कुक्कीवॉनचा नियम असा की पाचव्यानंतर सहाव्यासाठी पाच वर्षं आणि आठव्यानंतर नवव्यासाठी नऊ. आमच्याकडचा नियमही त्याच वळणाचा. म्हणजे २०१५ च्या आसपास सर परीक्षा देऊ शकले असते.

"पैले पोरायच्या जाण्यायेण्याचाच खर्च व्हता," सर म्हणाले. "दरसाल दोघं-तिघं तरी पुण्याले न्या लागत. मंग जिनिंग बंद झाली. मंग हा गुडघा. २०२२ ले गेलो, तं नापास झालो."

नापास झाल्याचं मला माहीत नव्हतं. सरांनी 'सोचिन' हा काता निवडला होता. तो जड आहे, जमिनीत रुतून उभं राहून करायचा. त्यात एका ठिकाणी एका पायावर तोल सांभाळून लाथ टाकावी लागते. तिथे गुडघ्याने साथ दिली नाही. एकोणसाठ वर्षांचे सर, छातीवर पोलीस भरतीत लावतात तशी नंबरची चिठ्ठी टाचलेली, आणि समोर परीक्षक त्यांच्याहून दहा-पंधरा वर्षांनी लहान. नापास झाल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे ते मैदानावर आले आणि रांगेत उभ्या असलेल्या पोरांना पहिलंच वाक्य म्हणाले की मी नापास झालो, माझा डावा पाय हलला. आणि मग रोज तास संपल्यावर पोरांच्या रेघांशेजारी स्वतःसाठी फक्कीच्या दोन रेघा ओढू लागले. हे मला सरांनी सांगितलं नाही. काकूंनी सांगितलं, चहा ठेवताना. दोन वर्षं रोज. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा गेले, पुन्हा सोचिनच केला.

मी म्हणाले, सर, तुम्हाला काय गरज होती या सगळ्याची? हा प्रश्न मी बैठकीत टाळ्यांसाठी विचारला होता. या वेळी खरंच विचारत होते.

सर बराच वेळ गुडघ्यावरची पिशवी सारखी करत राहिले. मग म्हणाले, "तुह्या बाबाले मी दोनदा भेटलो. तिसऱ्यांदा जाले पायजे व्हतं."

अठ्ठावीस वर्षं मला वाटत होतं की ती गोष्ट फक्त माझी आहे. सरांच्याही मनात ती होती, आणि माझ्यासारख्या आणखी किती जणींची होती देव जाणे. मी त्या दुखण्यावर एक तत्त्व बांधलं आणि आत जाऊन बसले. सरांनी त्याच दुखण्यापायी साठीत नंबरची चिठ्ठी छातीला टाचली. हे लिहिताना मला लाज वाटते, पण ती लपवायची नाही असं ठरवून बसले आहे.

रात्रीच समितीला फोन केला आणि मानपत्र मी लिहिते म्हणाले.

लिहायला बसले तर पहिले दोन दिवस भलतंच येत गेलं. मानपत्र म्हटलं की हात आपोआप 'ऋषितुल्य', 'अष्टपैलू', 'दीपस्तंभ' असे शब्द गोळा करतो. निवृत्तीच्या समारंभांसाठी मी असली डझनभर मानपत्रं लिहिली आहेत. ते सगळं फाडलं. मग साधं लिहिलं. केसांतली रुई लिहिली, फक्कीच्या रेघा लिहिल्या, मिरवणुकीत कवेलू न फोडणं लिहिलं. १९८६ साली वर्ग सुरू झाला, ब्राऊन बेल्टवर थांबलेल्या मुलींच्या घरी सर दोनदोनदा गेले, २०२२ साली परीक्षेत नापास झाले, २०२४ साली पास झाले, आणि त्या डिसेंबरपासून खामगावच्या मुलामुलींची ब्लॅक बेल्टची परीक्षा खामगावात होते, असं लिहिलं. एक पान भरलं.

सत्कार १२ जानेवारीला, जिजाऊ जयंतीला करायचा समितीचा विचार होता. सरांनी तारीख बदलायला लावली, कारण त्या दिवशी मुलींना सिंदखेडराजाला प्रात्यक्षिकं बघायला न्यायचं होतं. मग पुढचा रविवार ठरला. छपाईला देण्याआधी मानपत्र समितीत वाचलं. ज्या मुलाला मी खाशाबांवरून सुनावलं होतं तो म्हणाला, छान झालं मॅडम. पण दोन ज्येष्ठांना एक शब्द खटकला. मानपत्रात 'नापास' कसं चालेल? चांदीच्या चौकटीत बसवायचं आहे, उद्या पाहुणे वाचतील, आमदार येणार आहेत. 'अथक प्रयत्नांनंतर' असं करा. अर्धा तास चर्चा झाली. मी हट्ट धरला नाही. माझ्या हट्टांवरचा माझा विश्वास तेव्हा कमीच झाला होता. शेवटी कुणीतरी म्हणालं, सरांनाच विचारू.

फोन स्पीकरवर लावला. मी ते वाक्य वाचून दाखवलं. पलीकडे जरा वेळ शांतता होती, मागून काकूंच्या भांड्यांचा आवाज येत होता.

"राहू दे," सर म्हणाले. "आन कोनता पाय हलला थेही लिही. पोट्टे इचारतात."